वारसा भूदृश्ये जपण्यासाठी सरकारी-खासगी भागीदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वारसा भूदृश्य म्हणजे नेमके काय? ते स्मारकापेक्षा वेगळे कसे?

मंदिर, मनोरा, राजवाडा यांना कुंपण घालता येते, दारावर पहारेकरी बसवता येतो. डोंगरउतारावरची भातखाचरे, त्यांना पाणी नेणारे पाट, वरचे जंगल, खालची वस्ती आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या पायवाटा यांना कुंपण कुठून कुठवर घालणार? निसर्ग आणि माणसाचे श्रम जिथे एकमेकांत पार मुरून गेले आहेत, अशा सलग प्रदेशाला वारसा भूदृश्य म्हणतात.

युनेस्कोचा जागतिक वारसा करार १९७२ चा. ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा वेगळा वर्ग त्यात आला तो १९९२ मध्ये. त्याचे तीन प्रकार मानले जातात. एक, कोणीतरी मुद्दाम आखलेली भूदृश्ये, जसे मोठे बगीचे. दोन, शेती, चराई, मिठागरे अशा कामांतून शतकानुशतके घडत गेलेली. तीन, श्रद्धेने किंवा स्मृतीने माणसांशी जोडलेली. या तिसऱ्या प्रकारात बांधकाम एकही नसले तरी चालते. न्यूझीलंडमधले तोंगारिरोचे ज्वालामुखी १९९३ मध्ये याच प्रकारात नोंदले गेले. सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत आलेले ते जगातले पहिले ठिकाण.

या पानावरची बरीचशी उत्तरे दुसऱ्या प्रकाराभोवती फिरतात, कारण खरी अडचण तिथेच आहे. ही भूदृश्ये बांधून पूर्ण झालेली नसतात. दर वर्षी कोणीतरी बांध घालतो, पाटातला गाळ काढतो, मेंढ्या वर नेतो, म्हणून ती टिकतात. ते हात थांबले की काही दशकांत भूदृश्य संपते, मग कायद्याच्या पुस्तकात त्याला कितीही संरक्षण असो.

सरकार आहे की. मग खासगी भागीदार कशाला हवा?

पहिले कारण साधे आहे: बहुतेक ठिकाणी ही जमीन सरकारची नसतेच. ती शेतकऱ्यांची, देवस्थानांची, कुळांची, कंपन्यांची असते. एवढी सगळी जमीन विकत घेणे कुठल्याही खजिन्याला झेपणार नाही, आणि झेपले तरी घेऊ नये असे मला वाटते. राबणाऱ्याला बाहेर काढून जमीन ‘संरक्षित’ केली, तर जे जपायचे होते तेच आपण उचलून फेकलेले असते.

दुसरे कारण कामाच्या पद्धतीचे. सरकारी खात्याचा निधी एकेका वर्षासाठी मंजूर होतो आणि निविदा निघते ती ठरावीक कामाची. इटलीतल्या हर्क्युलेनियमचे उदाहरण बघा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले हे शहर उत्खननानंतर उघड्यावर कुजत होते. बराच भाग लोकांसाठी बंद करावा लागला होता. २००१ मध्ये पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने तिथल्या सरकारी पुरातत्त्व खात्याबरोबर काम सुरू केले, पुढे ‘ब्रिटिश स्कूल अॅट रोम’ ही संस्थाही त्यात आली. आधी पॅकार्ड संस्था फक्त पैसे देत होती. नंतर इटलीच्या कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन तिने खात्याच्या देखरेखीखाली कामेच स्वतः करून द्यायला सुरुवात केली. कामे कोणती, तर गळणारी छपरे नीट करणे आणि पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी रोमनांनी बांधलेली जुनी गटारे साफ करून पुन्हा वापरात आणणे. उद्घाटनाची फीत कापण्याजोगे त्यात काही नव्हते, पण शहर वाचले ते अशा कामांनी. मालकी आणि अंतिम निर्णय शेवटपर्यंत सरकारकडे राहिला.

‘खासगी’ म्हणजे मोठ्या कंपन्याच ना?

नाही. आणि हा गैरसमज दूर झाल्याशिवाय पुढची चर्चा नीट होत नाही. ज्याच्या नावावर दोन एकर खाचरे आहेत तो शेतकरीही खासगी पक्षच. गावकऱ्यांचा न्यास, एखादे कुळ, देणग्यांवर चालणारी संस्था हेही खासगीच.

उलट या क्षेत्रातली सर्वांत जुनी आणि टिकाऊ कामे अशाच संस्थांनी केली आहेत. ब्रिटनमधला ‘नॅशनल ट्रस्ट’ १८९५ मध्ये ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी उभा केला. ही सरकारी संस्था नव्हे. पण १९०७ मध्ये संसदेने तिच्यासाठी वेगळा कायदा केला आणि एक विलक्षण अधिकार दिला: संस्था आपली जमीन ‘अहस्तांतरणीय’ म्हणून जाहीर करू शकते. अशी जमीन पुढे संस्थेच्या कारभाऱ्यांनाही विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. लोकांची देणगी आणि संसदेचा शब्द अशी ही जोडी आहे. भागीदारी हा शब्द मला इथे सर्वांत जास्त शोभतो.

भागीदारीचे कोणकोणते मार्ग प्रत्यक्षात वापरले जातात?

*सार्वजनिक संस्थेने जमीन घ्यायची, सांभाळायची दुसऱ्यांनी.* फ्रान्सने १९७५ मध्ये किनारपट्टीसाठी ‘कॉन्झर्व्हात्वार द्यु लितोराल’ ही सार्वजनिक संस्था स्थापन केली. ती किनाऱ्यालगतची जमीन विकत घेते किंवा दान म्हणून स्वीकारते, आणि एकदा घेतलेली जमीन सहसा परत बाजारात येत नाही. पण रोजचा कारभार ती स्वतः करत नाही. तो स्थानिक नगरपालिका आणि संस्था बघतात. शेतकऱ्यांना आणि गुराख्यांना करार करून तिथे शेती-चराई चालू ठेवता येते.

*जमीन मालकाकडेच, पण काही हक्क सोडून दिलेले.* अमेरिकेत पोटोमॅक नदीकाठी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर आहे. १८५८ मध्ये ते महिलांच्या एका संस्थेने वर्गणी काढून विकत घ्यायचे ठरवले. आजही तीच संस्था ते चालवते. घर वाचले, पण ओसरीतून दिसणाऱ्या पलीकडच्या काठाचे काय? तिथे उद्योग उभे राहण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा १९५० च्या दशकात काँग्रेस सदस्य फ्रान्सेस बोल्टन यांनी समोरच्या काठावरची शेतजमीन विकत घेतली. पुढे १९६१ मध्ये पिस्काटावे पार्कला मंजुरी मिळाली. हे उद्यान नेहमीसारखे नाही. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर आजही लोकांची घरे आहेत. मालकांनी फक्त लेखी हक्क सोडला आहे: उंच बांधकाम करणार नाही, झाडी मनमानी तोडणार नाही, भूखंड पाडणार नाही. नदीपलीकडून दिसणारी हिरवी कड त्या कागदांवर उभी आहे.

*मालकी मूळ रहिवाशांची, भाडेकरू सरकार.* ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाची मालकी २६ ऑक्टोबर १९८५ रोजी अनांगू लोकांना परत मिळाली आणि त्यांनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दिली. व्यवस्थापन मंडळात अनांगूंचे बहुमत आहे. हा खडक चढू नये ही त्यांची जुनी विनंती होती. मंडळाच्या निर्णयाने २६ ऑक्टोबर २०१९ रोजी चढाई कायमची बंद झाली. मालकी परत मिळाल्यापासून बंदीपर्यंत चौतीस वर्षे लागली हे खरे, पण निर्णयाचा अधिकार हातात नसता तर ती विनंती पाटीवरच राहिली असती.

*अनेक खात्यांना एका करारात बांधणे.* दिल्लीत २००७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग, दिल्ली महानगरपालिका आणि आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर ही खासगी संस्था यांनी मिळून करार केला. त्यात हुमायूँची कबर, शेजारची ‘सुंदर नर्सरी’ ही रोपवाटिका आणि निजामुद्दीन बस्ती असे तिन्ही भाग एकत्र घेतले. कबरीच्या दुरुस्तीसोबत बस्तीतल्या शाळेचे आणि दवाखान्याचेही काम झाले. सुमारे ९० एकरांची नर्सरी २०१८ मध्ये उद्यान म्हणून खुली झाली. वास्तू, बाग आणि वस्ती यांचे तीन वेगळे प्रकल्प न करता एकच करणे, हे या करारातले सर्वांत शहाणपणाचे कलम म्हणायला हवे.

पुरस्कर्ते आणि करसवलत हेही मार्ग आहेत. त्यांच्याबद्दल खाली येईलच.

माझी जमीन अशा भूदृश्यात येते. करार केला तर ती माझी राहील का?

राहील, जर करार ‘निर्बंधाचा’ असेल तर. सात-आठ हक्कांची जुडी म्हणजे मालकी, असे समजा. कसण्याचा, राहण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. त्या जुडीतल्या एक-दोन काड्या, बहुधा नवे बांधकाम करण्याचा आणि तुकडे पाडण्याचा हक्क, तुम्ही एखाद्या संस्थेच्या किंवा शासनाच्या स्वाधीन करता. बदल्यात पैसे मिळतात, किंवा करात सूट, किंवा दोन्ही.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी नीट विचारून घ्या. निर्बंध किती काळाचा? अनेक ठिकाणी तो कायमचा असतो आणि तुमच्या मुलानातवंडांवर, पुढच्या खरेदीदारावरही बंधनकारक राहतो. पाहणीला कोण येणार आणि किती वेळा? आणि शेतीच्या रोजच्या गरजा, म्हणजे गोठा, विहीर, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जाण्याजोगा रस्ता, यांना स्पष्ट शब्दांत मुभा आहे का? ‘भूदृश्याला बाधा येईल असे काहीही करू नये’ एवढेच मोघम वाक्य असेल तर सही करू नका. उद्या कोणता अधिकारी त्याचा काय अर्थ लावेल सांगता येत नाही.

करसवलतीचा गैरवापरही होतो, हे उघड बोलले पाहिजे. अमेरिकेत काही दलालांनी स्वस्तात जमीन घ्यायची, तिची किंमत कागदोपत्री अनेक पटींनी फुगवायची, बांधकामाचा हक्क ‘दान’ करायचा आणि ती फुगवलेली वजावट गुंतवणूकदारांत वाटून घ्यायची, असा धंदाच मांडला. २०१६ मध्ये तिथल्या कर खात्याने अशा व्यवहारांवर विशेष नजर ठेवायला सुरुवात केली आणि २०२२ च्या कायद्याने गुंतवणुकीच्या अडीच पटींपेक्षा जास्त वजावट साधारणपणे नाकारली. जमिनीचे मूल्यांकन कोण करतो, या प्रश्नावर अशा योजनेचा सगळा प्रामाणिकपणा अवलंबून असतो.

कंपनीने पैसा दिला की तिची पाटीही लागणार. वारसा विकला जात नाही का?

ही भीती रास्त आहे. रोममधल्या कोलोसियमच्या डागडुजीसाठी टॉड्स या चपला-बूट बनवणाऱ्या कंपनीने २.५ कोटी युरो द्यायचे ठरवले, तेव्हा इटलीत त्यावर वाद झाला, कोर्टकचेऱ्याही झाल्या. त्यानंतर २०१४ मध्ये इटलीने ‘आर्ट बोनस’ आणला: सार्वजनिक वारशासाठी दिलेल्या देणगीच्या ६५ टक्के रक्कम करातून परत. देणगीदार आणि जाहिरातदार यांत फरक करण्याचा हा चांगला मार्ग आहे, कारण देणाऱ्याला पाटीवाचूनही काही मिळते.

पाटी लागली म्हणून वारसा विकला गेला, असे मी म्हणणार नाही. पाटीचा आकार, जागा आणि मुदत करारात लिहा, प्रश्न मिटतो. मला जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पुरस्कर्त्याला दिसणारे काम हवे असते: रोषणाई, प्रवेशद्वार, उपाहारगृह. भूदृश्याला मात्र न दिसणारे काम हवे असते. म्हणून पैशाचा ठरावीक वाटा देखभालीसाठी बाजूला काढणे ही अट सर्वांत वर हवी.

स्थानिक लोकांचे स्थान काय? ‘सल्लामसलत’ झाली की पुरे ना?

पुरे नाही. करारावर तिसरी सही त्यांची हवी.

फिलिपिन्समधल्या कॉर्डिलेरा पर्वतातली भाताची खाचरे १९९५ मध्ये जागतिक यादीत आली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या ‘धोक्यातला वारसा’ या यादीत गेली. कोणी ती पाडली नव्हती. तरुण शहरांकडे निघून गेले, पाटांची निगा थांबली, बांध ढासळले. तिथल्या इफुगाओ लोकांची ती व्यवस्था बघितली की लक्षात येते की वरच्या राखीव जंगलापासून खालच्या खाचरापर्यंत पाणी सामाईक आहे; एकाने आपला पाट सोडून दिला तर खालच्या सगळ्यांचे पाणी बिघडते. पाट आणि बांध पुन्हा उभे करण्याचे, स्थानिक पातळीवर नियम बसवण्याचे बरेच काम झाल्यावर २०१२ मध्ये ते ठिकाण त्या यादीतून बाहेर आले.

तोंगारिरोची गोष्ट याहून अंतर्मुख करणारी आहे. १८८७ मध्ये न्गाती तुव्हारेतोआ या माओरी जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी ही पवित्र शिखरे ब्रिटिश राजसत्तेच्या हवाली केली, आणि त्यातून न्यूझीलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. शंभराहून अधिक वर्षे त्याला ‘देणगी’ म्हटले गेले. माओरींचा शब्द मात्र ‘तुकु’. त्यात देऊन मोकळे होणे नसते. दोघांनी मिळून सांभाळण्याचे नाते जोडणे असते. माओरींच्या दाव्यांची चौकशी करणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणानेही पुढे याच बाजूने कौल दिला. दोन भाषांत झालेल्या करारात एकाच शब्दाचे दोन अर्थ राहिले की त्याची किंमत कित्येक पिढ्या मोजतात. म्हणून करार स्थानिकांच्या भाषेत आधी लिहा, मग सरकारी भाषेत आणा.

पर्यटनाच्या उत्पन्नातून देखभाल भागत नाही का?

थोडीफार भागते, पण त्यावर सगळा भार टाकू नये. इटलीतल्या चिंक्वे तेर्रे या किनाऱ्यावर दरडींवर दगडावर दगड रचून, चुना न वापरता गडगे घातलेले आहेत आणि त्यांच्या आधाराने द्राक्षमळे आहेत. पर्यटक तिथे अमाप येतात. पण गडगा रचणे हे अवघड, अंगमेहनतीचे काम आहे, आणि खोली भाड्याने देण्यात त्याच घराला कितीतरी जास्त मिळते. मळा सोडला की गडगा फुगतो, मग फुटतो, आणि मोठ्या पावसात माती खाली वस्तीवर येते. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात व्हेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो या गावांनी तो चिखल अनुभवला आहे. तिकिटाचा पैसा ज्याच्या खिशात जातो तो आणि गडगा रचतो तो, हे एकच असतील किंवा त्यांच्यात वाटणी ठरलेली असेल, तरच पर्यटन उपयोगी.

जागतिक यादीत नाव आले की संरक्षण मिळतेच ना?

नाव मिळते, प्रतिष्ठा मिळते. जागेवरचा निर्णय तिथल्या सरकारचाच राहतो. जर्मनीतले ड्रेस्डेनचे एल्बे खोरे २००४ मध्ये यादीत आले. २००५ च्या सार्वमतात शहराने खोऱ्यात चौपदरी पुलाच्या बाजूने मत दिले आणि २००९ मध्ये नाव यादीतून काढले गेले. हंपीचे नाव १९८६ पासून यादीत आहे. तुंगभद्रेवरच्या पुलांच्या बांधकामामुळे १९९९ मध्ये ते धोक्यातल्या यादीत गेले आणि २००६ मध्ये बाहेर आले. दोन्हीकडे लोकांची वाहतुकीची गरज खरी होती. पुलाचा आराखडा आणि भूदृश्याचा आराखडा वेगवेगळ्या टेबलांवर तयार झाले, तिथे घोटाळा झाला. रस्ते, वीज, पाणी ही खाती भागीदारीत पहिल्या दिवसापासून हवीत, ती यासाठी.

करारात कोणत्या अटी असायलाच हव्यात?

आज भूदृश्य कसे आहे याची नोंद आधी हवी: नकाशे, छायाचित्रे, बांधांची आणि पाण्याच्या वाटांची मोजणी. ही नोंद नसेल तर दहा वर्षांनी काय बिघडले हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. मग देखभालीचा कायमनिधी, ज्याचे फक्त व्याज खर्च होईल. हिशेब दर वर्षी सर्वांसमोर. काम न झाल्यास भागीदार बदलण्याचा हक्क, आणि तो वापरण्याची रीत. भागीदार कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर जबाबदारी कोणावर, हे नावानिशी.

एक अट सहसा कोणी लिहीत नाही, ती मी आग्रहाने सांगेन: घर आणि जमीन वेगळे करू नका. २०१६ मध्ये नॅशनल ट्रस्टने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल खोऱ्यात एका जुन्या शेताची जमीन घेतली, पण शेतघर घेतले नाही. तिथल्या मेंढपाळ शेतकऱ्यांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे सरळ होते की राहायला घर नसेल तर डोंगरावर मेंढ्या राखणार कोण? लेखिका बिएट्रिक्स पॉटर यांनी याच भागातली ४,००० एकरांहून अधिक जमीन शेतघरांसह याच संस्थेला दिली होती, आणि तिथे हर्डविक जातीच्या मेंढ्या चालू राहाव्यात अशी त्यांची इच्छा होती. काय टिकवायचे आहे हे त्यांना पुरते कळले होते.

किती वर्षांचा करार असावा?

पुरस्कर्त्याशी पाच-दहा वर्षांचा चालेल. जमिनीवरच्या निर्बंधाचा किमान एका पिढीचा. स्थानिकांच्या हक्कांना मुदत नको.

सरकारनेच प्रकल्प आणून भूदृश्य मोडायला घेतले तर?

तेव्हा खासगी बाजूचे स्वातंत्र्य उपयोगी पडते. अमेरिकेतल्या हडसन नदीकाठच्या स्टॉर्म किंग पर्वतात वीजप्रकल्पाला केंद्रीय आयोगाने परवाना दिला होता. रहिवाशांच्या गटाने न्यायालय गाठले. १९६५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की निसर्गसौंदर्य आणि इतिहास यांच्यासाठीही नागरिकांच्या गटाला दाद मागता येते, आणि आयोगाने त्यांचा विचार करायलाच हवा. १९८० मध्ये समझोता होऊन प्रकल्प सोडून देण्यात आला. सरकारी अनुदानावरच जगणाऱ्या संस्थेला असा लढा देणे जड जाते. म्हणून भागीदार संस्थेच्या उत्पन्नाचा काही भाग तरी लोकवर्गणीतून यावा.

आमच्या भागात असे भूदृश्य आहे. सुरुवात कुठून करू?

कागदापासून करू नका, पायांपासून करा. पाट कोण साफ करतो, सामाईक कुरण कधी उघडते, कोणत्या वाटेने गुरे जातात, कोणता बांध गेल्या पावसात गेला, हे त्या त्या माणसाबरोबर चालत जाऊन लिहून काढा. मालकी कोणाची, वापर कोणाचा आणि राबते कोण, असे तीन वेगळे रकाने करा. ही तीन नावे बऱ्याचदा वेगवेगळी निघतात, आणि सर्वांत कमी हक्क असलेले नाव तिसऱ्या रकान्यात असते.

मग गावाने आपापसात ठरवा, बाहेरच्या कोणाला बोलावण्याच्या आधी. जपानमधल्या शिराकावा-गोच्या ओगिमाची गावात उंच गवती छपरांची घरे एकामागून एक कमी होत होती. १९७१ मध्ये रहिवाशांनी संघटना करून तीन नियम घातले: विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. सरकारी संरक्षण आणि निधी त्यानंतर आला, जागतिक यादीत नाव १९९५ मध्ये आले. छप्पर शाकारायची वेळ आली की आजही गावकरी एकमेकांच्या घरी कामाला जातात. शाकारणीसाठी लागणारे गवत आणि माणसे यांची तजवीज आधीच करून ठेवावी लागते.

तुमच्या पहिल्या बैठकीत एवढेच ठरले तरी चालेल: येत्या पावसाआधी कोणता बांध दुरुस्त करायचा, कोण कोण येणार, आणि दगड कुठून आणायचा.